पुलापलीकडचा थांबा

छत्रपती संभाजीनगर,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सोनियावहिनी,

थोरामोठ्यांना नमस्कार आणि तब्येतीची चौकशी हे सगळं परवा फोनवर झालं आहे. हे पत्र फक्त तुमच्यासाठी. घरचा फोन दादाच्या हातात असतो आणि स्पीकरवर सगळं घर ऐकतं, तिथं तुमच्याशी काय बोलणार? म्हणून गजालाला म्हटलं, तू आणि माझी वहिनी चिकलठाण्याला एकाच कंपनीत, एकाच सरकत्या पट्ट्याशी उभ्या राहून औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरता, तर माझं टपालही तूच ने. ती म्हणाली, "डब्याच्या पिशवीत टाकते. पण डाग पडला तर मला बोलायचं नाही." तेव्हा कागदावर डाग असेल तर तो तिच्या अम्मीच्या, म्हणजे माझ्या घरमालकीण शहजादी खालांच्या, खट्ट्या दाळीचा आहे.

आता बातमी. माझ्या ऑफिसला नवं काम मिळालंय आणि त्यात मला घेतलंय. फुलंब्रीहून निघून शहरातून चिकलठाण्यापर्यंत जाणारी लोकल गाडी करायची, असा विचार चालू आहे. रूळ कुठून न्यायचे ते साधारण ठरलंय. थांबे कुठं द्यायचे ते आमच्या पाहणीवरून ठरणार. कोण, कुठून, किती वाजता, कशानं कामाला जातं, हे गावोगाव विचारायचं आणि जिथं जाणारे पुरेसे तिथं थांबा. इतकं सरळ आहे. नकाशावर आपल्या जांभळखेड्याच्या अगदी कडेनं रेघ गेलेली बघितली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. आपल्या घरातली पहिली पदवी माझी, आणि तिचा पहिला उपयोग आपल्याच गावाला!

गजालानं मला एक सांगितलं, जे तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्हाला लाईन-लीडर करायचं म्हणतायत, पण त्यासाठी आलटून-पालटून दुसरी पाळीही करावी लागेल आणि रात्री परतायला जीप नाही, म्हणून तुम्ही हो म्हणत नाही. वहिनी, गाडी झाली तर रात्रीही असेल.

पण काल आपल्या गावाची माहिती आली. रोज शहरात कामाला जाणाऱ्या स्त्रिया: एकही नाही. मला आधी हसू आलं. मग आपल्या घराचं उत्तर बघितलं. अण्णांनी सांगितलंय, "आमच्या घरच्या बायका कामाला जात नाहीत." ज्या दिवशी हे सांगितलं त्या दिवशी तुम्ही कंपनीत पहिल्या पाळीला होता!

असं कसं चालेल? मला लिहा.

तुमची,
प्रेरणा

*

जांभळखेडा,
१ डिसेंबर २०२४

इंजिनेर ताईंना सोनियाचा नमस्कार,

कागदाला डाग होता. दाळ चांगली असणार, वास अजून येतोय.

तुम्ही लिहिलं ते वाचून मला पण हसू आलं, पण वेगळ्या कारणानं. ताई, तुम्ही याच गावच्या ना? तुमच्या ऑफिसचा पोरगा आला तेव्हा ओट्यावर चार माणसं बसलेली. चहा झाला. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "घरातलं कोण कोण कामाला जातं?" अण्णा पंचायतीचे मेंबर. त्यांनी काय सांगायचं? माझी सून परक्याच्या कंपनीत उभं राहून पाकिटं भरते, असं? पुढच्या घरात तेच सांगितलं, त्याच्या पुढच्या घरात तेच. त्या पुढच्या घरातली सून जीपमध्ये रोज माझ्या मांडीवर तिची पिशवी ठेवते.

आम्ही स्टँडवरून कधीच बसत नाय. स्टँडवर बसलं की गेल्यासारखं होतं. गावाबाहेर ओढ्याचा पूल आहे, तो ओलांडून बाभळीखाली उभं राहायचं. अन्सारभाई तिथं त्यांची काळी-पिवळी जीप लावतात, लाईट बंद करून. उजाडायच्या आत निघतो. संध्याकाळी तिथंच उतरून एकेक जण येतो, हातात काहीतरी भाजीबिजी, म्हणजे शेतातून आल्यासारखं. कुणाला माहीत नाय? अख्ख्या गावाला माहीत. पण पुलाच्या अलीकडं कुणी बोलत नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि तुम्ही तरी कुठं सांगितलंय, खालांकडं भाड्यानं राहता म्हणून? घरी तर मुलींचं हॉस्टेल म्हणून सांगितलंय. मी कधी बोलले का? रागावू नका, खरं ते लिहिलं.

लाईन-लीडरचं गजालानं सांगायला नव्हतं पाहिजे. घरात फक्त तुमच्या दादांना माहीत आहे. त्यांचं वर्कशॉप बंद पडल्यापासून ते लई गप्प असतात, त्यात हे कशाला वाढवून सांगायचं. पण खरं सांगू? मला ते काम पाहिजे. पट्ट्यावर कुठं चुकतंय ते मला लांबून आवाजावरून कळतं. सुपरवायझर पण मला विचारतो. एवढ्या वर्षांत कुणी मला काही विचारलं असं नाय झालं.

थांबा आला तर सोन्याहून पिवळं. पण माझं नाव न येता येत असेल तर बघा.

तुमची वहिनी,
सोनिया

ता. क. आमच्या जीपमधल्या कडूबाईला गाडीचं सांगितलं, तुमचं नाव न घेता. ती म्हणे, "आगगाडीत तरी पाय लांब करता येतील का? का तिथं पण अन्सारभाईच बसवणार?"

*

छत्रपती संभाजीनगर,
१५ डिसेंबर २०२४

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. खालांकडं राहण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, पण ते वेगळं आहे. मी एकटी लपवते, त्यानं कुणाचं नुकसान होत नाही. गाव लपवतं आणि त्यामुळे थांबा दुसरीकडं जातो. पुढं रस्त्यावर नवे प्लॉट पाडलेत ना, कमानीवर सिंह बसवलेत ते, तिथल्या मालकाचे लोक ऑफिसात दोनदा येऊन गेले. तिथं अजून एक घर नाही! पण "भविष्यात लोकसंख्या येईल" म्हणतात. आणि आपल्याकडं आत्ता आहे ती लोकसंख्या नाही म्हणून लिहिलीय.

मी विश्वजीत सरांशी बोलले. ते या कामाचे प्रमुख आहेत, भले आहेत. मी म्हटलं, घरात विचारून खरं कळणार नाही, चढण्याच्या जागेवर मोजू. मोठ्या चौकात कॅमेरा लावून गाड्या मोजतात, तशी माणसं मोजू. ते तयार झाले. नाव नको, गाव नको, फक्त डोकी मोजायची.

मला एवढंच सांगा, नेमकं कुठं आणि किती वाजता.

वहिनी, मला कधीकधी अण्णांचा फार राग येतो. इंजिनिअरिंगला नंबर लागला त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला आणि म्हणाले, "शिक. पण गावात कुणी विचारलं तर मावशीकडं राहते म्हण." पेढा आणि हे, एकाच हातानं. आता तुम्ही राबता, दादा घरी बसलाय, घर तुमच्यावर चालतं, आणि हे ओट्यावर बसून सांगतात, आमच्या बायका जात नाहीत. एखाद्यानं तरी खरं बोलायला नको का?

तुमची,
प्रेरणा

*

जांभळखेडा,
२२ डिसेंबर २०२४

ताई,

पुलाच्या पलीकडं उजव्या हाताला मोठी बाभळ आहे, तिच्या खाली. साडेपाचच्या सुमाराला. आता थंडी लई आहे म्हणून आम्ही तोंडाला ओढण्या गच्च बांधतो. आतमध्ये आम्ही बायका, मागच्या फळीवर दोघीतिघी, आणि पुढं अन्सारभाईच्या बाजूला कडूबाई, कारण तिला कुणी काही म्हणायला तिच्या घरात पुरुष नाय. ती सगळ्या रस्त्यानं बोलते. परवा अन्सारभाई म्हणाले, "कडूबाई, जरा गप बसा, गिअर सापडेना." ती म्हणे, "माझ्या तोंडात हाय व्हय तुमचा गिअर?"

कॅमेऱ्याचं मी कुणाला सांगितलं नाय. सांगितलं तर कुणी येणार नाय. फोटो बाहेर जाणार नाय ना? तेवढं बघा.

अण्णांबद्दल असं लिहू नका. एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटत होती, पण माझी नाय ती सांगायची, म्हणून राहू द्या. तुमची माय म्हणते तसं, काही माणसांना बोलता येत नाय.

सोनिया

*

छत्रपती संभाजीनगर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

झालं! आमच्या सुयशनं बाभळीवर कॅमेरा बांधला आणि आठवडाभर मोजलं. फुलंब्रीच्या बाजूच्या कुठल्याच लहान गावात इतक्या बायका निघत नाहीत. विश्वजीत सरांनी स्वतः नकाशा काढून पुलाजवळ लाल ठिपका दिला. मी त्याच्यावर बोट ठेवून बघितलं. थांबा म्हणजे काय, फार मोठं नाही, एक फलाट, एक शेड, दोन दिवे. पण दिवे असतील, वहिनी.

फिल्म ऑफिसातच राहील, काळजी करू नका. मी बसून थोडी बघितली. अंधार आहे, चेहरे तर दिसतच नाहीत. तुम्हाला शोधलं, पण सगळ्या सारख्याच. कुणी धावत येतं, कुणी चप्पल हातात घेऊन. मला रडू आलं.

आणि एक माणूस आहे. माकडटोपी, अंगावर शाल. तो रोज एका बाईला टॉर्चच्या उजेडात सोडायला येतो. ती जीपमध्ये चढली की टॉर्च विझवतो आणि जीप वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभा राहतो. एक दिवस ती पिशवी विसरली, तर म्हातारा जीपच्या मागं पळाला. कोण आहे हो तो? असाही माणूस आपल्या गावात आहे हे बघून मला इतकं बरं वाटलं. म्हणजे सगळे काही आपल्या अण्णांसारखे नाहीत.

आता फेब्रुवारीत गावात सभा होईल. ज्यांच्या सहीनं थांबे ठरतात ते साहेब येणार, लोकांचं म्हणणं ऐकणार. मी पण येणार, स्टेजवर!

तुमची,
प्रेरणा

*

छत्रपती संभाजीनगर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनी,

माझ्या मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, आणि काल शाळेच्या पटांगणात तुम्ही बायकांच्या बाजूला लांब बसला होता, बोलता आलं नाही. सभा संपली तशी साहेबांच्या गाडीतून लगेच निघावं लागलं. म्हणून काय काय झालं ते माझ्या बाजूनं लिहिते.

मी आकडे वाचून दाखवले तेव्हा पहिल्या रांगेतून सरपंच उठले, तुम्ही ऐकलंतच. "हे खोटं आहे. आमच्या गावच्या बायका बाहेर कामाला जात नाहीत. ही गावाची बदनामी आहे." बाकीचे पण उठले. साहेब विश्वजीत सरांकडं बघून म्हणाले, गावच नाही म्हणतंय तर हा थांबा काढून टाका. एका वाक्यात! मला डोळ्यांसमोर तो लाल ठिपका पुसलेला दिसला. तुमचं काम दिसलं.

मग मी सुयशला सांगितलं, फिल्म लाव. हो, मीच सांगितलं. ऑफिसात राहील असं लिहिलं होतं, माहीत आहे. पण चेहरे दिसत नाहीत, नाव नाही, मग कुणाचं काय जाणार? आणि मला वाटलं, एकदा बघू दे गावाला, आपल्या बायका किती पहाटे निघतात.

आणि वहिनी, कशी शांतता झाली! पडद्यावर एकेक जण अंधारातून येत होती आणि पुरुषांच्या बाजूला एक शब्द नाही. मी इतकी माणसं इतकी गप्प कधी बघितली नव्हती. लोकांच्या मनाला भिडलं ते. तो टॉर्चवाला म्हातारा आला तेव्हा तर सरपंचांनीही मान खाली घातली. शेवटी कडूबाईंनी एकटीनं टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "पुरावा आहे, थांबा ठेवा."

अण्णा मधेच उठून गेले. धार काढायची वेळ झाली असेल, पण माझं ऐकायला तरी थांबायला हवं होतं. असो. एक दिवस त्यांनाही कळेल.

आपण जिंकलो, वहिनी. गजालाकडं लवकर उत्तर द्या.

तुमची,
प्रेरणा

*

जांभळखेडा,
२७ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे पत्र अन्सारभाईंच्या हाती देतेय. गजाला आता मला भेटत नाय, कारण मी कंपनीत जात नाय. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून.

तो टॉर्चवाला माणूस अण्णा होते.

तुम्हाला खरंच कळलं नाय, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. नायतर मी तुम्हाला कधीच काही लिहिलं नसतं. मी कामाला लागल्यापासून रोज अण्णा मला पुलापर्यंत सोडायचे. शेतीची लाईट रात्रीची असते म्हणून मोटर बघायला जातो, असं सांगून निघायचे. मी पुढं, ते मागून, उजेड माझ्या पायाखाली. पूर्ण रस्ता एक शब्द नाय. नोकरी पण त्यांनीच बघितली होती, अन्सारभाईंना सांगून. घरात ह्यावर कधी बोलणं झालं नाय. तुमच्या मायला माहीत, दादांना माहीत, पण ताटावर बसून कुणी बोलत नाय. हीच ती गोष्ट जी मी सांगितली नव्हती.

तुमच्या जानेवारीच्या पत्रात तुम्ही विचारलं, कोण हो तो? मी हातात पेन घेऊन बसले होते. पण तुम्ही फिल्म ऑफिसात राहील म्हणाल्या, तर म्हटलं, राहू दे झाकलेलं. चूक माझी पण आहे.

चेहरे दिसत नाय म्हणता. ताई, गावात माणूस चेहऱ्यावरून ओळखतात व्हय? अण्णांचा डावा पाय वाकडा पडतो. मी चालताना पिशवी कमरेला घासते. पडद्यावर एकेक बाई आली तशी माझ्या मागं बायका कुजबुजत होत्या, ही अमक्याची, ही तमक्याची. पुरुषांकडं कुजबुज पण नाय. ती शांतता भिडल्याची नव्हती, ताई. सगळे आपापलं माणूस मोजत होते. अख्ख्या गावानं अण्णांना ओळखलं. पोरीनं ओळखलं नाय, हे पण गावानं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पारावर अण्णांना एक जण म्हणाला, "काय रामकिसनराव, सुनेला सोडायची ड्युटी पगारी हाय का फुकट?" दुसरा म्हणाला, "मेंबर ओट्यावर म्हनतात बायका जात नाय, अन् पहाटं जीपच्या मागं पळतात." लई हसले. हसणाऱ्यांच्या घरच्या बायका पण त्याच जीपमध्ये होत्या, पण सगळ्यांनी एका माणसाला हसून घेतलं म्हणजे आपलं झाकलं जातं.

अण्णा घरी आले, पाणी प्याले. मला म्हणाले, "उद्यापासून जाऊ नको." चिडले नाय. चिडले असते तर मी भांडले असते. तुमचे दादा म्हणाले, जाऊ द्या की अण्णा, आता तर सगळ्यांना कळलंच आहे. तर अण्णा म्हणाले, "म्हनूनच."

नंतर एकेका घरातून बायका जायच्या बंद झाल्या.

सोनिया

*

छत्रपती संभाजीनगर,
२० एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,

कितीदा लिहायला बसले आणि फाडलं. मार्चमध्ये घरी आले तेव्हा तुम्ही सगळा वेळ स्वयंपाकघरात होता, आणि अण्णा माझ्याशी फक्त म्हशीबद्दल बोलले. ती आटली, ती व्याली, नवी घ्यावी का. मी हो-हो म्हणत राहिले.

तुम्हाला हे माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते. सभेनंतर गावानं वर अर्ज दिला, आमच्या गावातून कुणीही स्त्री कामाला जात नाही, दाखवलेली फिल्म आमच्या गावची नाही. खाली अण्णांचीही सही आहे. मग साहेबांनी पुन्हा मोजायला सांगितलं, या वेळी कॅमेरा नाही, माणूस उभा करून. मी म्हटलं, मी जाते. मला वाटलं, मी दिसले तर कुणीतरी येईल.

मी बाभळीखाली उभी राहिले. तुम्ही रोज उभ्या राहायचा तिथंच. अन्सारभाईंनी जीप लावली, मला बघून काच वर केली. बराच वेळ कुणी नाही. मग कडूबाई एकट्या आल्या. मी कागद-पेन घेऊन उभी. त्या म्हणाल्या, "लिही की बाई. लिही, एक. मी काय आगगाडी एकटी भरनार व्हय?" चढल्या आणि आतून म्हणाल्या, "पाय लांब करायला जागा झाली बघ, तुझ्या किरपेनं."

मी एक लिहिलं. दुसरं काय लिहिणार? जे दिसलं तेच लिहायचं, हेच तर मी सगळ्यांना सांगत होते.

थांबा सिंहाच्या कमानीपाशी गेला. तिथं राहायला कुणी नाही, पण "भविष्य" आहे. आणि नाव काय ठेवणार माहीत आहे? जांभळखेडा. मूळ प्रस्तावात तेच होतं, बदलायला वेळ लागतो म्हणून तसंच ठेवलं. विश्वजीत सर म्हणाले, "तुझ्या गावाचं नाव तरी लागलं ना." मी त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. मला वाटायचं, खरं सांगितलं की ते आपोआप चांगल्या बाजूला जाऊन पडतं. मला कुणी शिकवलंच नाही की खऱ्याला पण कुणीतरी अंधारातून हाताशी धरून न्यावं लागतं.

आता माझं ऐका. गजालानं सुपरवायझरला विचारलंय. तुमची जागा अजून भरलेली नाही, जूनपर्यंत थांबतो म्हणाला. तुम्ही माझ्याकडं राहायला या. खोली लहान आहे, पण खाला म्हणाल्या, "मेरी बेटी जैसीच है, आने दो." इथून चिकलठाण्याला सिटी बस जाते, दुसरी पाळीसुद्धा करता येईल. मी घरी येऊन अण्णांना सगळं सांगते. मी कुठं राहते तेही सांगते. आणि त्यांची माफी मागते, सगळ्यांसमोर.

उत्तराची वाट बघते.

प्रेरणा

*

जांभळखेडा,
८ जून २०२५

ताई,

कडूबाई गाव सोडून चालल्या. एका बाईसाठी अन्सारभाईंना डिझेल परवडेना, त्यांनी जीप गंगापूरकडं लावली. कडूबाईंनी चिकलठाण्यात खोली घेतलीय, एकटीच. त्यांच्या हाती हे पत्र देतेय. त्यांना काय, त्यांना जाता येतं.

मी येणार नाय. तुम्ही मनापासून लिहिलं, मला कळतं. खालांना पण सांगा की मला त्यांच्या बोलण्यानं बरं वाटलं. पण मी तुमच्याकडं आले तर गाव म्हणेल, रामकिसनची सून पळाली, आणि पोरीनं पळवली. मग अण्णा पारावर बसायचे पण बंद होतील. आता निदान कोपऱ्यात बसतात.

माफी मागू नका. सगळ्यांसमोर तर अजिबात नको. अण्णा अजून सगळ्यांना सांगतात, तो माणूस मी नव्हतो. कुणी हसलं तरी तेच सांगतात. मला वाटतं आता त्यांना स्वतःला पण तसंच वाटायला लागलंय. तुम्ही येऊन माफी मागितली तर त्यांना कबूल करावं लागेल की ते तेच होते. मी चार वर्षं त्यांच्या उजेडात चालले, ताई. मी त्यांना ते करायला लावणार नाय.

गजालाला लाईन-लीडर केलं ना? कडूबाई सांगत होत्या. तिला म्हणावं, सोनिया खूश झाली. तिसऱ्या पट्ट्याचा आवाज घोगरा झाला की पाकिटाची शिवण सुटते, ते तिला सांगा. ती नीट करेल.

तुमच्या दादांना एका गोडाऊनवर काम लागलं, रात्रपाळी. दिवसा झोपतात. घरात सगळेच हळू बोलतो.

आता कामाचं. पुढच्या आठवड्यात तुम्हाला बघायला पाहुणे येणार आहेत, गंगापूरकडचे, ऊस आहे, मुलगा शिकलेला. तुम्हाला कळवायला माझ्यावर सोपवलंय. नाही म्हणायचं असेल तर ते येऊन सांगा, पत्रात लिहू नका. त्यांच्याकडचे दोघं परवा बोलणी करायला येऊन गेले, त्यांनी विचारलं, मुलगी काय करते. अण्णांनी सांगितलं, शिक्षण झालंय, घरीच असते.

मी दाराआड उभी होते. मला पण विचारलं त्यांनी, काय हो सूनबाई, घरीच असतात ना तुमच्या नणंदबाई? मी हो म्हणाले. रागावू नका. ह्या घरातून आता बाहेर कामाला जाणाऱ्या बायकांमध्ये तुम्हीच उरल्या, म्हणजे आम्ही झाकून ठेवायचं ते पण आता तुम्हालाच.

येताना साडी नेसून या.

सोनिया